चारशे म्हणजे किती? कीटकनाशकाची विषबाधा आणि रक्ताचा रिपोर्ट

एका सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी २२ वर्षं काम केलं. रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर एका बाईंनी विचारलेला प्रश्न अजून कानातून जात नाही. बाई दोडामार्गकडच्या. नवरा आत अतिदक्षता विभागात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका भाटकाराच्या, म्हणजे बागमालकाच्या, काजूवर फवारणीला आलेला माणूस. बाटलीतलं औषध पंपात ओतताना छातीवर सांडलं, वर पंपही पाठीवर गळत होता, आणि तशाच ओल्या शर्टाने तो दुपारपर्यंत काम करत राहिला. बाईंच्या हातात माझ्याच सहीचा कागद होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "बाय, हयसर चारशे लिवलेला आसा. ह्या बरा की वायट?"

मी नियमाप्रमाणे "डॉक्टरांना विचारा" म्हटलं. त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा पाहिला. शेजारी नॉर्मल म्हणून पाच हजारांच्या वरचा आकडा छापलेला होता, तेवढं त्यांना वाचता येत होतं. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं.

काजूला मोहोर येऊ लागला की दरवर्षी अशी कुटुंबं इस्पितळांच्या व्हरांड्यात दिसतात. काही अपघाताने आलेली असतात, काही दुःखाच्या भरात कुणी उचललेल्या पावलामुळे. प्रत्येकाच्या हातात तोच कागद असतो, 'कोलिनेस्टरेज' असा अवघड शब्द लिहिलेला. वैद्यकीय नियतकालिकांतही या रिपोर्टवरून रुग्णाचं पुढे काय होईल ते आधी ओळखता येतं का, यावर भारतातल्या कॉलेजांमधून सतत निबंध येत असतात. त्या दिवशी त्या बाईंना द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहिते आहे.

आपण विषाला औषध म्हणतो, तिथूनच घोळ

"औषध मारलं" म्हणजे फवारणी केली. "औषध घेतलं" म्हणजे विष घेतलं, किंवा खरंच डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली. अपघात विभागात रात्री दोन वाजता घाबरलेला मुलगा "बाबांनी औषध घेतलं" एवढंच सांगतो, तेव्हा डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, "कसलं?" त्याला उत्तर येतं, "ते काजूला मारायचं." काजूच्या ढेकण्यावर मारायचं, भातावरच्या तुडतुड्यांवर मारायचं, रान जाळायचं, उंदरांना ठेवायचं ही चार वेगळी विषं असू शकतात. शरीरात ती वेगवेगळ्या जागी घाव घालतात आणि त्यांच्यासाठी रक्तात वेगवेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात.

त्यातला सर्वांत ओळखीचा गट म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस. क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट, क्विनॉलफॉस, मोनोक्रोटोफॉस ही नावं शेतकऱ्यांना पाठ असतात, ती या गटातली. डॉक्टर त्याला थोडक्यात 'ओपी' म्हणतात, मीही तेच म्हणेन. कोलिनेस्टरेजची चाचणी मुख्यतः या गटासाठी आहे.

मानशीचं दार अडकलं की

खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, पाहिलेल्याला हे समजायला वेळ लागणार नाही. बांधात मानस, म्हणजे पाणी सोडायची दाराची वाट, असते. भरतीला तिचं दार आपोआप बंद होतं, ओहोटीला उघडतं आणि शेतात साचलेलं पाणी नदीत निघून जातं. दार नीट हलतंय तोवर शेत सुखरूप. दारात ओंडका अडकला आणि ते उघडेनासं झालं, तर आतलं पाणी तुंबतं आणि उभं पीक कुजतं.

आपल्या नसा स्नायूंना, ग्रंथींना, हृदयाला निरोप पाठवतात तो एका रसायनातून, त्याचं नाव अॅसिटिलकोलीन. हे आपलं पाणी. निरोप पोचला की ते लगेच निघून जायला हवं, नाहीतर निरोप चालूच राहतो. ते काढून टाकण्याचं काम कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम करतं, म्हणजे शरीरातलं काम झटपट उरकणारं एक प्रथिन. ही आपली मानस. ओपी विष नेमकं या दारात जाऊन अडकतं.

मग शरीरात सगळीकडे पाणी तुंबतं, आणि हे केवळ उपमेपुरतं नाही. तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, घामाने अंथरूण भिजतं, उलट्या-जुलाब होतात, कपड्यांत लघवी होते. छातीत इतका स्राव साचतो की श्वासाबरोबर घरघर ऐकू येते. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. नाडी मंदावते. मांड्यांचे, दंडांचे स्नायू कातडीखाली किडे वळवळावेत तसे थरथरतात आणि मग थकून लुळे पडतात. श्वासाचे स्नायूही लुळे पडू शकतात. बहुतेक मृत्यू श्वास बंद पडल्यामुळे होतात.

अॅट्रोपिनचं इंजेक्शन दार उघडत नाही. ते शेताभोवती तात्पुरता बांध घालतं, म्हणजे पाणी आहे तिथेच राहतं पण पिकाला लागत नाही. छाती कोरडी होईपर्यंत डॉक्टर दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करत नेतात ते याचसाठी. पण स्नायूंच्या लुळेपणावर हा बांध चालत नाही. प्रॅलिडॉक्झिम, ज्याला 'पॅम' म्हणतात, ते ओंडका ओढून काढायचा प्रयत्न करतं. ओंडका पाण्यात फुगून चौकटीत घट्ट बसला की तो पॅमनेही निघत नाही. काही ओपी विषांत तो काही तासांतच घट्ट बसतो, काहींत त्याला दिवस-दीड दिवस लागतो. लवकर पोचण्याला एवढं महत्त्व आहे ते त्यामुळे.

पॅमबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. २००६ साली बारामतीच्या एका इस्पितळातल्या २०० रुग्णांचा अभ्यास लॅन्सेट या मोठ्या नियतकालिकात आला. पॅम सतत आणि मोठ्या मात्रेत दिल्यावर तिथे चांगला फायदा दिसला. २००९ साली श्रीलंकेतल्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. म्हणून "तिकडच्या डॉक्टरने पॅम दिलं, इथे का नाही" असा वाद नातेवाइकांनी व्हरांड्यात घालू नये. तज्ज्ञांमध्येच या प्रश्नावर अजून एकमत नाही.

रक्तात आम्ही नेमकं काय मोजतो?

खऱ्या मानशी नसांच्या टोकाला आणि मेंदूत आहेत. तिथून नमुना घेता येत नाही. म्हणून आम्ही रक्तातल्या मानशी पाहतो. त्या दोन जातींच्या असतात. एक तांबड्या पेशींवर असते. ती नसांमधल्या दारासारखीच घडवलेली, त्यामुळे आतल्या स्थितीची जास्त खरी खूण तीच देते. पण तिची चाचणी किचकट आहे आणि सगळीकडे होत नाही. दुसरी रक्ताच्या पातळ भागात असते, यकृत तिला तयार करतं. बहुतेक इस्पितळांत मोजतात ती हीच. त्या बाईंच्या कागदावरचे ४०० याच दुसऱ्या जातीचे होते.

चाचणी पाहायला सुंदर आहे. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवून वर आलेला पिवळसर द्रव एका रसायनात घातला की त्यात हळूहळू गडद पिवळा रंग चढतो. एन्झाइम जिवंत असेल तर रंग भराभर चढतो, विषाने अडकलं असेल तर द्रव फिका तो फिकाच राहतो. हा रंग किती वेगाने चढतो ते यंत्र मोजतं, तोच आकडा. ही पद्धत एलमन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडली, आजही तिचीच रूपं वापरात आहेत. निरोगी माणसाचा रंग चढताना पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना तो फिका द्रव पाहून पोटात खड्डा पडतो, मला तरी नेहमी पडायचा.

इथे नळीच्या झाकणाचा रंगसुद्धा महत्त्वाचा. राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं आणि फ्लोराइड हेच एन्झाइम दाबतं. चुकून त्या नळीत रक्त आलं तर आकडा खोटा कमी येतो. उलट लॅक्टेट नावाची दुसरी चाचणी, जिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे, राखाडी झाकणाच्या नळीतच आणि बर्फावर पाठवावी लागते, कारण साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी लॅक्टेट बनवत राहतात आणि आकडा खोटा वाढतो. एकाच माणसाच्या दोन चाचण्यांना दोन नळ्या लागतात, आणि त्या उलटसुलट झाल्या तर दोन्ही आकडे दिशाभूल करतात. मध्यरात्री नमुना घेऊन धावत येणाऱ्या वॉर्डबॉयला परत पाठवताना मला वाईट वाटायचं, पण मी परत पाठवायचे.

मग ४०० वाईटच ना?

गंभीर, हो. बहुतेक लॅबमध्ये निरोगी माणसाचा आकडा साधारण ५,००० ते १२,००० च्या आसपास असतो, किटनुसार थोडा इकडेतिकडे. जुन्या वर्गवारीप्रमाणे नेहमीच्या पातळीच्या २० ते ५० टक्के उरलं असेल तर सौम्य, १० ते २० टक्के उरलं असेल तर मध्यम, १० टक्क्यांहून कमी तर तीव्र विषबाधा. ४०० या शेवटच्या घरात येतो.

पण "तीव्र विषबाधा" आणि "वाचणार नाही" यांत फार मोठं अंतर आहे. २००८ साली श्रीलंकेतल्या शेकडो रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दाखल होतानाच्या या आकड्यावरून मृत्यूचा अंदाज बांधता येतो का, हाच त्यांचा प्रश्न होता. क्लोरपायरिफॉस घेतलेल्यांत जे दगावले ते सगळे कमी आकड्याचे होते. एवढं वाचून थांबलं तर घाबरायला होतं. पण जे वाचले त्यांतलेही बहुतेक कमी आकड्याचेच होते.

बंदरावर बावटा लागतो, तसं हे आहे. वादळ आलं त्या प्रत्येक वेळी बावटा लागलेला होता, पण बावटा लागला त्या प्रत्येक दिवशी वादळ आलं नाही. म्हणून बावट्याला कुणी निरुपयोगी म्हणत नाही, होड्या काठाला ओढल्या जातात. कमी आकड्याचा अर्थ डॉक्टरांसाठी तसाच आहे: या माणसाला नजरेआड करू नका, व्हेंटिलेटरची सोय जवळ ठेवा.

याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. कोणतं कीटकनाशक ते ठाऊक असेल तरच या आकड्यावरून अंदाज बांधावा. एकाच ओपी गटातल्या दोन बाटल्या रक्तात सारखा आकडा दाखवतील आणि माणसाची अवस्था अगदी वेगळी असेल. यकृतात बनणारी मानस काही विषांपुढे फार लवकर हार मानते, नसांमधली तेवढी लवकर मानत नाही, काही विषांत याच्या उलट होतं. बाटलीचं नाव ठाऊक नसेल तर ४०० चा अर्थ अर्धाच हाती लागतो.

आकडा विषाशिवायही कमी असू शकतो. यकृताचा जुना आजार, खूप दारू पिऊन पोखरलेलं शरीर, कुपोषण, गर्भारपण, यांत तो उतरतो. काही घराण्यांत तो जन्मतःच कमी असतो आणि त्या माणसाला आयुष्यभर पत्ता नसतो.

दुसऱ्या दिवशी बोलायला लागले, चहा मागतात. आता घरी का सोडत नाहीत?

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण याच टप्प्यावर चूक होते. माणूस शुद्धीवर येतो, लाळ थांबते, चहा मागतो. घरची माणसं सुटकेचा श्वास सोडतात, काही जण "आपल्या जबाबदारीवर" सही करून घेऊनही जातात.

ओपी विषबाधेत एक ते चार दिवसांनंतर दुसरा झटका येऊ शकतो. त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात, आपण मधला झटका म्हणू. श्रीलंकेतल्या दोन डॉक्टरांनी १९८७ साली तो नीट वर्णन करून जगापुढे ठेवला. पहिली लक्षणं ओसरलेली असतात आणि मानेचे, खांद्यांचे, श्वासाचे स्नायू हळूहळू दुबळे होत जातात. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, आणि काही तासांत त्याला व्हेंटिलेटर लागतो.

त्या दोडामार्गच्या बाईंच्या नवऱ्याच्या उशाशी मी एकदा रक्त न्यायला गेले होते, तेव्हा निवासी डॉक्टर त्याला म्हणाली, "काका, डोकं उशीवरून उचला बघू." काकांनी हसून मान हलवायचा प्रयत्न केला. डोकं उशीवरून दोन बोटंही उठलं नाही. पाय हलत होते, हाताची पकड बरी होती, बोलणं स्पष्ट होतं, आणि मान मात्र उशीला चिकटल्यासारखी. "एका श्वासात किती मोजता येतं?" तिने विचारलं. ते अकरावर थांबले. तिने त्याच क्षणी वरिष्ठांना फोन लावला. त्या दिवशी सकाळचा कोलिनेस्टरेजचा आकडा आदल्या दिवसापेक्षा किंचित वर आला होता. कागदाच्या भरवशावर राहिलं असतं तर सगळं ठीक चाललं आहे असंच वाटलं असतं.

त्यांना नऊ दिवस व्हेंटिलेटर लागला. ते वाचले.

म्हणून रोज नवा आकडा काढून त्याच्यावर आशा टांगू नये. पातळ रक्तातलं एन्झाइम यकृत नव्याने बनवतं, त्याला पूर्ण भरायला आठवडे लागतात. तांबड्या पेशींवरचं तर नव्या पेशी तयार होतील तसंच भरतं, दिवसाला साधारण एक टक्का, म्हणजे तीन-चार महिने. माणूस बरा होऊन घरी जातो, तेव्हाही त्याचा आकडा छापील नॉर्मलच्या खालीच असतो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

मग दुसऱ्या कुठल्या चाचण्या जास्त सांगतात?

डॉक्टर एका आकड्यावर विसंबत नाहीत. लॅक्टेट हा त्यातला एक चांगला साथीदार. शरीराला प्राणवायू कमी पडला, रक्तदाब घसरला, की पेशी अर्धवट जळणाऱ्या चुलीसारख्या धूर सोडू लागतात, तो धूर म्हणजे लॅक्टेट. दोनच्या आत असेल तर बरं, चारच्या वर गेलं तर डॉक्टर सावध होतात. कोलिनेस्टरेज दारात किती ओंडके अडकले ते सांगतं, लॅक्टेट शेत किती बुडालं ते सांगतं. आणि ते तासातासाला बदलतं, म्हणून उपचार लागू पडतोय का हे त्यावरून लवकर कळतं. सहा-आठ तासांत लॅक्टेट उतरू लागलं तर ती चांगली खूण.

रक्तातली साखर वाढलेली असणं, स्वादुपिंडाचं अॅमिलेज वाढणं, स्नायूंचं सीपीके वाढणं, पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचं प्रमाण बिघडणं, या सगळ्यांवर अभ्यास झाले आहेत आणि तीव्र आजारात ते बिघडतात हे खरं आहे. पण ते न्यूमोनियातही बिघडतात, अपघातातही. स्वस्त आणि सगळीकडे होणाऱ्या चाचण्या म्हणून त्यांचं मोल आहे, एवढंच म्हणेन.

काहीही खर्च न लागणाऱ्या खुणा याहून पुढे आहेत. १९९३ मध्ये श्रीलंकेतल्या पेराडेनियात एक साधी गुणपत्रिका तयार झाली. बाहुलीचा आकार, श्वासाचा वेग, नाडी, स्नायूंची थरथर, शुद्ध आणि झटके, एवढं पाहून गुण द्यायचे. तीनपर्यंत सौम्य, सातपर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. वाळपईच्या किंवा तुयेच्या आरोग्य केंद्रातही हे पाच मिनिटांत होतं, आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवायचं की नाही हे रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच ठरवता येतं. प्रयोगशाळेत आयुष्य घालवूनही मी हेच सांगेन की पहिल्या तासात डोळे, श्वास आणि नाडी कागदाच्या पुढे असतात.

रिपोर्ट नॉर्मल आला. म्हणजे काही झालंच नाही?

असं कधीही समजू नये. नॉर्मल कोलिनेस्टरेजचा अर्थ एवढाच की बहुधा हे ओपी नाही. कार्बामेट नावाच्या गटातही हेच एन्झाइम अडकतं, पण तिथे ओंडका आपोआप सुटतो, कधी कधी नळीत नमुना पडून असतानाच. माणूस आजारी आणि आकडा ठीक, असं तिथे दिसतं.

पॅराक्वाट हे तणनाशक या एन्झाइमला हातही लावत नाही. पहिल्या दिवशी तोंडात जळजळ आणि उलट्या एवढंच दिसतं, आणि आतून मूत्रपिंड व फुप्फुस बिघडत जातात. तिथे रक्तातलं विषाचं प्रमाण आणि पोटात गेल्यापासून उलटलेले तास या दोन्हींची सांगड घालून अंदाज बांधतात. त्याची सोय नसेल तर लघवीत सोडियम डायथायोनाइट घालतात, लघवी निळी झाली की पॅराक्वाट आहे. निळा जितका गडद, तितकी काळजी जास्त. पुढचे दिवस क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, किती वेगाने चढतं त्यावर नजर ठेवतात.

उंदरांच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस तर आणखी फसवा. पहिले एक-दोन दिवस माणूस हिंडतो-फिरतो, मग यकृत कोसळतं. तिथे कोलिनेस्टरेज काढत बसण्यात अर्थ नाही. रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे आयएनआर, रोज पाहावा लागतो. पेस्ट पोटात गेली असेल तर "काही त्रास नाही" म्हणून घरी थांबणं घातक आहे.

दोन लॅबचे दोन आकडे का?

एकाने वापरलेलं रसायन, तापमान आणि एकक दुसऱ्याहून वेगळं असतं. बाहेरच्या लॅबचे ३,००० आणि इस्पितळाचे २,१०० यांची तुलना करून "घसरला" म्हणू नये. एकाच लॅबचे आकडे एकमेकांशी ताडावेत.

आधीच कळून उपयोग काय? आशा सोडायची?

अंदाज आशा सोडण्यासाठी कुणी काढत नाही. अतिदक्षता विभागात खाटा मोजक्या असतात. रात्री तीन रुग्ण आले तर कुणाला व्हेंटिलेटरशेजारी ठेवायचं, कुणाला वॉर्डात, काणकोणहून कुणाला आत्ताच हलवायचं, कुणाला चार दिवस सोडायचंच नाही, हे ठरवायला अंदाज लागतो. ओपी विषबाधेचं एक वैशिष्ट्य घरच्यांनी लक्षात ठेवावं: दोन-तीन आठवडे यंत्रावर श्वास घेतलेला माणूससुद्धा चालत घरी जाऊ शकतो, कारण नवी दारं शरीर स्वतः घडवतं. त्याला तेवढे दिवस जगवून ठेवणं हेच उपचाराचं मुख्य काम.

आणि कोणती बाटली बाजारात मिळते यावरही बरंच ठरतं. श्रीलंकेने जास्त घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १९९५ ते २०१५ या काळात त्यामुळे सुमारे ९३,००० जीव वाचले, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडेही डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस यांसारख्या काहींवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुन्या बाटल्या मात्र माळ्यावर, गोठ्यात, काजूच्या बोंडूंच्या डब्यांमागे अजून असतात. त्या कृषी कार्यालयात विचारून विल्हेवाटीला द्याव्यात, उरलेलं औषध कुलपात ठेवावं, आणि पाण्याच्या किंवा फेणीच्या बाटलीत कधीही भरू नये.

घरच्यांच्या हातात काय आहे?

१०८ ला फोन. रुग्णाचे कपडे उतरवून अंग साबणाने भरपूर पाण्यात धुणं, धुणाऱ्याने हातात मोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून. उलटी करायला लावू नये, मिठाचं पाणी, ताक, तूप काहीही पाजू नये, गुंगीतल्या माणसाच्या ते फुप्फुसात जातं. डाव्या कुशीवर ठेवावं. बाटली पिशवीत बांधून सोबत न्यावी, नाहीतर लेबलचा फोटो, त्यात रसायनाचं नाव आणि विष किती घातक ते दाखवणाऱ्या चौकोनाचा रंग दिसेल असा. किती वाजता झालं ते लिहून ठेवावं. डॉक्टरांनाही विषांविषयी सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास बोलतं.

ज्याने दुःखाने हे पाऊल उचललं, त्याला व्हरांड्यात "का केलंस" विचारू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षेपासून संरक्षण दिलं आहे, त्यामुळे पोलिसांच्या धाकाने विषाचं नाव लपवायचं कारण उरलेलं नाही. मनात तसे विचार येत असतील तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फुकट आणि आपल्या भाषेत बोलता येतं.

फवारणी करणाऱ्यांसाठी एक मागणी

नॉर्मलची व्याप्ती एवढी मोठी आहे की ज्याचा मूळ आकडा ११,००० होता त्याचा ५,५०० झाला, तरी रिपोर्टवर नॉर्मल छापून येतं. त्याची निम्मी दारं अडकलेली असतात आणि कागद म्हणतो सगळं ठीक. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात म्हणूनच असा नियम आहे की फवारणी करणाऱ्या कामगाराचा मूळ आकडा हंगामाआधी काढायचा. पुढे तो मूळच्या ८० टक्क्यांवर आला तर कामाची पद्धत तपासायची, पातळ रक्तातला ६० टक्क्यांवर किंवा तांबड्या पेशींवरचा ७० टक्क्यांवर आला तर त्याला फवारणीपासून दूर ठेवायचं आणि पुन्हा ८० टक्के भरल्याशिवाय पंप हातात द्यायचा नाही.

आपल्याकडे पेडणे, डिचोली, सत्तरीत आणि सीमेपलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीत दिवसाच्या मजुरीवर पंप पाठीला लावणारे कितीतरी हात आहेत. मोहोर यायच्या आधी, ऑक्टोबरात, आरोग्य केंद्रात त्यांच्या रक्ताची एक नळी काढायला फार खर्च नाही. भाटकारांनी मजुरीबरोबर तेवढी एक चाचणी आणि न गळणारा पंप द्यावा, असं मी गावातल्या प्रत्येक बैठकीत सांगते. त्या बाईंच्या नवऱ्याचा मूळ आकडा कुणालाच ठाऊक नव्हता. महिन्याने ते तपासायला आले तेव्हा २,९०० आला. बाईंनी कागद पुढे केला. या वेळी मी खिडकीतून बाहेर आले, बाकावर त्यांच्याशेजारी बसले आणि मानशीच्या दारापासून सगळं सांगितलं. त्यांनी तो कागद रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि विचारलं, "म्हणजे हेंका पंप कधी घेवक दिवचो नाय तां ह्याच्यार समाजतला?"

"हो," मी म्हटलं, "ह्याच्यावरून समजेल."